म्हण रे

दवाखान्यात तिला सगळे 'बोलक्या बाई' म्हणत आणि घरी 'बोबडी'. दोन्ही नावं खोटी नव्हती. लहानपणी तिला 'र' म्हणता यायचा नाही. शाळेतून येऊन ती बाहेरून ओरडायची, "तात्या, दाल उघडा!" आणि आतून तिचा दादा ओरडायचा, "दाल अजून शिजली नाही!" पुढे मोठी झाली आणि दुसऱ्यांची जीभ वळवण्याचाच धंदा तिनं पत्करला. झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम.

एक्स-रेच्या खोलीला लागून तिची खोली होती. टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, बसल्या माणसाला आपलं तोंड दिसेल इतका खाली लावलेला आरसा आणि पुठ्ठ्यावरच्या चित्रांचा एक गठ्ठा. कप, कुलूप, कात्री, गाय. माणसं तिथे यायची आणि कपाचं चित्र बघून रडायची, कारण कप कळत असायचा आणि 'कप' म्हणता येत नसायचं. एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याला बायकोचं नाव घेता येईना, पण शिव्या मात्र एका दमात यायच्या. बायको बिचारी शरमेनं अर्धी झाली होती. बोलक्या बाईंनी तिला समजावलं, "अहो, शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात. पाठ असलेलं सगळंच वेगळ्या कप्प्यात असतं. गाणी, पाढे, प्रार्थना. बोलण्याचं दुकान जळलं तरी ते गोदाम शाबूत राहतं." त्यावर बायको म्हणाली, "मग गोदामात काहीतरी बरं भरायला नको होतं का मेल्यानं?"

हे सगळं ती हसत हसत सांगायची. आपल्याच घरी हे दुकान जळेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिचे तात्या भिक्षुकी करायचे. लोकांच्या घरी जाऊन विधी सांगायचे आणि सकाळी आपल्या पुढच्या खोलीत चारपाच मुलांना मंत्र शिकवायचे. मुलं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसत. तात्या एक तुकडा म्हणत, मुलं तो दोनदा म्हणत. याला ते संथा देणं म्हणायचे. पुस्तक मध्ये नसे. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात, एवढाच रस्ता. नवा मुलगा असला की तात्या त्याच्या डोक्यावर पंजा ठेवत. खालच्या स्वराला डोकं खाली दाबत, वरच्या स्वराला हलकेच वर उचलत. चारसहा महिन्यांत पंजा निघायचा, आणि डोकं आपोआप हलायला लागायचं.

दादा त्या ओळीत पहिला बसायचा. बोबडी स्वयंपाकघराच्या दाराशी. आईनं वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात टाकलेला असायचा. ती घड्या घालायची आणि ओठ न हलवता सगळं म्हणायची. अर्थ कुणालाच सांगितला जात नसे, तेव्हा त्या बाबतीत ती कुणाच्या मागे नव्हती. पण आवाज! अनेक आवाज मिळून एक जाड दोरी वळल्यासारखा तो आवाज खोलीभर फिरायचा आणि दाराच्या चौकटीपाशी आला की तिला वाटायचं, आता आपल्याला आत ओढणार.

सात-आठ वर्षांची असताना तिनं विचारलं, "तात्या, मला का नाही शिकवत?"

तात्या वाईट माणूस नव्हते. तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "तुझी जीभ वळत नाही ना, बोबडे. मंत्रात एक अक्षर चुकलं तरी पाप. 'र'चा 'ल' झाला तर देवाला कळायचं कसं?"

झालं. पोरीनं ते बोलणं मनावर घेतलं. शाळेत एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायला. बोबडी त्यांच्याकडे जायला लागली. जिभेचं टोक टाळूला लावायचं, सोडायचं, थरथरवायचं. आंघोळ करताना, शाळेत जाताना, अंथरुणात, तिची 'र्र्र्र' चालूच. दादा म्हणायचा, "आई, हिच्यात मोटर बसवली का?" आणि एक दिवस तो 'र' आला. स्वच्छ, खणखणीत. ती पळत घरी आली, चपला एक इकडे एक तिकडे, आणि तात्यांसमोर उभी राहून म्हणाली, "दार उघडा! तात्या, दार उघडा! रस्ता, राजा, रविवार! आता शिकवा."

तात्या हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"बाळ, 'र'चा प्रश्न नव्हता."

"मग?"

"मुलींना शिकवायची रीत नाही."

"कुणी केली रीत?"

"मी नाही केली."

"मग तुम्ही मोडा."

तात्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मोडणारा मी कोण?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही. पण ज्या बाईंनी तिला 'र' दिला होता, त्यांच्यासारखं व्हायचं हे मात्र बोबडीनं त्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

दिवस गेले. दादा कॉलेजात गेला आणि एक दिवस सकाळी ओळीत बसायला आलाच नाही. तात्यांनी बोलावलं, तर म्हणाला, "मला यातलं काही पटत नाही, आणि पटत नाही ते म्हणवत नाही." तात्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त त्याची जागा रिकामी ठेवली. हळूहळू बाकीची मुलंही गेली. कुणाला शिकवणी होती, कुणाला क्रिकेट. शेवटी एकच टिकला, आणि तोच पुढे तात्यांची कामं चालवायला लागला. त्याला घरात मोठा शिष्य म्हणत, जरी लहान शिष्य म्हणून आता कुणी उरलं नव्हतं. आई गेली. बोबडीनं लग्न केलं ते देवघर नसलेल्या घरात. तिचा नवरा म्हणायचा, "मला देवाबद्दल काही तक्रार नाही, ओळखच नाही." तिची ओळख होती आणि तक्रारही होती. कुणी विचारलं तर ती सांगायची, माझा विश्वास नाही. ते खरंच होतं. पण एखाद्या लग्नात मंत्र सुरू झाले की ती हातातली प्लेट खाली ठेवायची आणि नवरा तिच्याकडे न बघता म्हणायचा, "ऐक, ऐक. मी थांबतो."

तात्यांना झटका आला तो सकाळी, दाढी करताना. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द राहिला : 'असंच'. चहा हवा, "असंच." पंखा बंद करा, "असंच." दुखतंय का, "असंच, असंच." हट्टानं, विनवून, रागानं, सगळ्या सुरांत तो एकच शब्द. बोबडी त्यांना आपल्या घरी घेऊन आली.

आपल्या माणसावर आपण उपचार करू नयेत असं तिच्या धंद्यात म्हणतात. म्हणून तिनं तिच्या हाताखालच्या मुलीला घरी बोलावलं. त्या मुलीनं कपाचं चित्र दाखवलं. तात्यांनी चित्राकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चार वेळा हेच झालं. मग बोबडी स्वतः बसली. महिना गेला, दोन गेले. गाय नाही, कुलूप नाही. रोज संध्याकाळी ती चित्रं कपाटात टाकायची आणि नवऱ्याला म्हणायची, "जगाला शहाणपण शिकवते मी, आणि आपल्या बापाच्या तोंडून 'पाणी' काढता येत नाही."

तात्यांची आंघोळ तिचा नवरा घालायचा. एकदा तो कामाला लवकर गेला होता, म्हणून ती स्वतः गेली. न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तात्या पंचा गुंडाळून बसले होते. तिनं डोक्यावर पहिला तांब्या ओतला. तात्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागले. पाण्याचं सूक्त. एक ओळ, दुसरी, तिसरी. अक्षर न् अक्षर सुटं, स्वर जागच्या जागी. ज्या माणसाला 'हो' म्हणता येत नव्हतं, तो न अडखळता देवांच्या भाषेत पाण्याची स्तुती करत होता.

ती तांब्या हातात धरून उभी राहिली. हे का होतं, ते तिला माहीत होतं. ड्रायव्हरच्या बायकोला तिनंच समजावलं होतं. गोदाम शाबूत राहतं. माहीत असूनही ती ओल्या फरशीवर बसली. सूक्त संपलं. तात्यांनी डोळे उघडले, तिला खाली बसलेली बघून घाबरले आणि म्हणाले, "असंच? असंच?"

दुसऱ्या दिवशी तिनं चित्रं कपाटात ठेवली ती ठेवलीच. तात्यांसमोर बसली आणि सूक्ताची सुरुवात केली. तात्यांनी लगेच उचललं. दोन ओळी दोघं बरोबर गेले, आणि तिसरीत तिचं चुकलं. दाराशी बसून चोरून ऐकलेलं ते. दाराच्या फटीतून जेवढं आलं तेवढंच. तात्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच चूक, पुन्हा हात आपटला. चुकलं हे त्यांना सांगता येत होतं, काय चुकलं ते सांगता येत नव्हतं.

तिनं दादाला फोन केला.

"मला काही आठवत नाही," दादा म्हणाला.

"ये तर खरं."

दादा रविवारी आला. इन्शुरन्सच्या कंपनीत मोठा साहेब होता, घड्याळाकडे बघत बसण्याची सवय. तात्यांसमोर बसायला सांगितलं, तसा तो चिडला.

"बोबडे, तुला वाटतं मला काहीतरी घबाड मिळालं आणि मी ते उकिरड्यावर फेकलं. अगं, पोरं खाली खेळायची. त्यांचा चेंडू खिडकीच्या गजांना लागायचा आणि मी इथे डोकं हलवत बसायचो. मी मागितलं होतं का?"

"मी मागितलं होतं," ती म्हणाली.

दादानं घड्याळावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तो हे विसरला होता, किंवा त्याला कधी माहीतच नव्हतं. मग त्यानं घसा खाकरला आणि तिसरी ओळ म्हटली. त्याचं डोकं हललं. त्यालाही ते कळलं आणि पन्नाशीचा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. चौथ्या ओळीला मात्र तो खरोखरच अडला. आणि तिथून तात्यांनी पुढे घेतलं, मुलाकडे असं बघत, की त्या दिवसाची त्याची गैरहजेरी त्यांनी अजून माफ केलेली नाही, पण आलास ते बरं केलंस.

त्यानंतर रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ती तात्यांसमोर बसायची. ते एक तुकडा म्हणायचे, ती दोनदा. एक दिवस एका स्वराला ती सारखी वर जात होती. तात्यांनी हात आपटला नाही. त्यांनी तो डावा हात लांब केला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि खाली दाबला. डोक्यावरचे तिचे केस आता पिकायला लागले होते. ती खाली गेली. मग पंजानं तिला हलकेच वर उचललं. आणि तात्या म्हणाले, "हं. म्हण रे."

झटक्यानंतर 'असंच'शिवाय त्यांनी बोललेले हे पहिले शब्द.

म्हण रे. म्हण गं नव्हे.

दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. वाचा गेलेली माणसं बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई म्हणून जातात, 'तो'ची 'ती' होते, हे तिला पाठ होतं. मेंदूतली तेवढी तार तुटलेली असते, माणूस ओळखलेलं असतं. किंवा असंही असेल, की 'म्हण रे' हे दोन शब्द त्या गोदामातलेच, आयुष्यभर मुलांना म्हणून म्हणून पाठ झालेले. किंवा तात्यांना समोर खरंच एखादा मुलगा दिसत असेल, भिंतीला पाठ लावून बसलेला. ड्रायव्हर असता तर तिनं एक साधी चाचणी घेतली असती : घरच्यांचे फोटो मांडून 'मुलगी कुठली?' असं विचारलं असतं. तात्यांची तिनं ती चाचणी कधीच घेतली नाही.

मग तिनं जरा धंद्यातलं डोकं चालवलं. मंत्राच्या चालीत तिनं रोजचे शब्द बसवले. सुरात जे येतं ते हळूहळू सुराबाहेर काढता येतं, अशी एक रीत आहे. पाण्याच्या सूक्ताच्या पहिल्या ओळीला तिनं 'पाणी द्या, थोडं पाणी द्या' लावलं. दुसरीला 'ऊन आलं, पडदा ओढा'. तिसरीला, गरज कुणाला चुकली आहे, 'लघवीला जायचं आहे'.

आणि नेमका त्या वेळी मोठा शिष्य भेटायला आला. दारातच थबकला. आत बोबडी तल्लीन होऊन, स्वर सांभाळून, लघवीचं सूक्त म्हणत होती.

"ताई!" त्यानं दोन्ही हात कानांवर नेले. "हे काय चालवलंय? तात्यांच्या जिभेवर देव उभा आहे म्हणून हे मंत्र राहिले. आणि तुम्ही त्या चालीत..."

"मेंदूची उजवी बाजू उभी आहे. झटका डावीकडे बसला, सूर उजवीकडे राहिले," ती म्हणाली. "आणि देव असेलच जिभेवर, तर त्यालाही तात्यांची चादर रोज ओली झालेली आवडत नसेल."

"पण पावित्र्य म्हणून काही आहे की नाही?"

खरं तर तिलाही आतून चोरट्यासारखं वाटतच होतं. ज्या गोष्टीसाठी आपण दाराशी झुरलो, तिचंच आपण असं पोतेरं करावं? तेवढ्यात तात्यांनी शिष्याकडे मान वळवली. आणि एकही स्वर न चुकवता त्यांनी म्हटलं : "पाणी द्या, थोडं पाणी द्या."

शिष्य धावत स्वयंपाकघरात गेला. त्यानंच आणलेलं पाणी त्यानंच तात्यांच्या ओठांना लावलं. अर्धं पाणी अंगावर सांडलं. जाताना तो म्हणाला, "ताई, मी तुम्हाला बरोबर म्हणणार नाही." दाराबाहेर पाऊल टाकून म्हणाला, "पण चूक म्हणायलाही तोंड नाही उरलं."

त्या हिवाळ्यात तात्यांना वीसएक शब्द आले. पाणी, ऊन, पुरे, नको, दादा. दादाचं आलं तेव्हा दादा रडला. 'बोबडे' आलं नाही. तिनं ते कुठल्याच चालीत बसवलं नव्हतं. बसवलं असतं तर आलंही असतं. पण आपणच पाठ करून घेतलेली हाक ऐकून काय करायचं? त्या हाकेची वाट बघून झाली, आणि सकाळ झाली की 'म्हण रे' ऐकायला ती पुन्हा समोर बसायची.

एक सूक्त संपलं, तसं त्यांनी आपणहून दुसरं सुरू केलं. ते उषेचं होतं, पहाटेचं, आणि लांबलचक. रोज एक ओळ. तिला कळत होतं की हा उपचार आता राहिलेला नाही. उपचार असता तर तिनं नवे शब्द घेतले असते. ती संथा घेत होती.

तात्या गेले ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. सगळं दादानं केलं. त्याला यातलं काही पटत नव्हतं, तरी शिष्य सांगेल तसं त्यानं केलं. बोबडी बाजूला उभी होती. तिला पुढे ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. तिला हवं होतं ते तिथे नव्हतं.

पुढे शिष्य एकदा आला आणि संकोचून म्हणाला, "ताई, उषेचं सूक्त तुमचं अर्धंच झालंय. पुढचं मी सांगतो. आता मुलींचेही वर्ग निघालेत, कुणी काही म्हणत नाही."

"मुलींचे वर्ग?"

"हो. माझीच मुलगी जाते."

"चांगलं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली.

दादा म्हणाला, "अगं, शिष्य कशाला? फोनवर मिळतं सगळं." त्यानं तिथल्या तिथे शोधून दिलं. कुण्या बाईचाच आवाज होता, तरुण आणि गोड, उच्चार कसे अगदी तासून काढलेले. बोबडीनं ऐकलं. ओळखीच्या ओळी एकेक करत आल्या. तात्यांनी दिलेली शेवटची ओळ आली आणि ती पूर्ण व्हायच्या आत तिनं फोन पालथा घातला.

आता ती रोज सकाळी, दवाखान्याच्या वाटेवर, उषेचं सूक्त म्हणते. त्यावर तिचा विश्वास नाही, आणि उषा तिच्या म्हणण्यावाचून अडून राहिलेली नाही, हेही तिला माहीत आहे. जिथपर्यंत तात्यांनी दिलं तिथपर्यंत म्हणते आणि थांबते. ते वाक्य तिथे संपत नाही. पहाट कुणासाठी येते आणि काय घेऊन येते, एवढं त्या ओळीत सांगून झालेलं असतं. क्रियापद पुढच्या ओळीत आहे. ती रस्ता ओलांडते, एक्स-रेशेजारच्या आपल्या खोलीचं कुलूप काढते. तोवर बाहेरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलेलं असतंच.